केळीच्या चिकाचा डाग

कमल महाजनांची एक तरी साडी बिनडागाची दाखवा आणि माझ्याकडून पावशेर मावा जिलेबी घेऊन जा. केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही, हे बुऱ्हाणपुरात शेंबडं पोरही सांगेल. बाईंना त्याची फिकीर असेल तर शपथ! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, पन्नाशी कधीच ओलांडली, आणि अजून केळीचं खोड खांद्यावर टाकून प्रयोगशाळेचा जिना चढतात. यजमान नंदकुमार कापडाचे व्यापारी. दुकानातली नवी साडी कौतुकानं घरी आणतात आणि आठवड्याच्या आत तिच्यावर तपकिरी नकाशा उमटलेला बघतात. बोलत नाहीत बिचारे. बोलून उपयोग नाही, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं त्यांना.

बाईंचे वडील शेजारच्या बहादरपूर गावात शाळामास्तर. तिथे बाकावर कमलच्या शेजारी बसायची सोजर, बागायतदाराची मुलगी. सोजरची शाळा सुटली, गावातच लग्न झालं, ती केळीच्या बागेत गेली. कमलला इंदूरला एम.एस्सी. करायचं होतं. काका म्हणाले, "केळीच्या गावात राहून रसायनं शिकून काय दिवे लावणार?" कमल फणकारली, "केळीचीच रसायनं शिकेन, बघाच." रागाच्या भरात बोलून गेली खरी, पण जन्मभर तेच केलं. अशी माणसं असतात. त्यांच्याशी वाद घालायच्या आधी चार वेळा विचार करावा.

मग देशाचा एक मोठा प्रकल्प निघाला. मोबाइल घ्या, बॅटरीवरची गाडी घ्या, सगळ्यांना लिथियम हवं, कोबाल्ट हवं, आणि ही खनिजं आपल्याला परदेशातून विकत आणावी लागतात. म्हणून देशभरच्या संशोधन संस्था एकत्र आल्या. कुणी डोंगरात खनिजं शोधायची, कुणी जुन्या बॅटऱ्यांतून परत काढायची, आणि सगळ्यांनी मिळून हा उद्योग इथे उभा करायचा. एवढ्या मोठ्या पंगतीत बुऱ्हाणपूरचं पान कोण मांडणार? बाईंनी स्वतःच मांडलं. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की जी काळी भुकटी निघते, तिच्यातला कोबाल्ट केळीच्या खोडाच्या रसात उतरतो, जहाल तेजाब लागत नाही, असं त्यांनी दाखवलं होतं. प्रकल्पाच्या प्रमुखांना ते पटलं. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत एक छोटं केंद्र मंजूर झालं. बी.एस्सी. होऊन घरी स्थळांची वाट बघत बसणाऱ्या मुलींना तिथे काम मिळणार होतं. त्या केंद्रावर बाईंचा जीव होता.

आणि माशी शिंकली. दोन मोठ्या प्रयोगशाळांनी बाईंच्या लेखी पद्धतीबरहुकूम तोच प्रयोग करून पाहिला. कोबाल्ट काही उतरेना.

प्रमुखसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला. आवाज अगदी लोण्यासारखा. "मॅडम, उम्र हो जाती है, गलती सबसे होती है. आप बस लिख दीजिए कि मशीन में खराबी थी. नाम आपका रहेगा. सेंटर हम किसी और तरीके के लिए कहीं और ले जाएंगे."

"मशीन ठीक आहे माझी," बाई मराठीतच म्हणाल्या. चिडल्या की त्यांचं हिंदी बंद पडतं. "आणि डोकंही ठीक आहे. आकडे खोटे आहेत असं म्हणायचं असेल तर इथे या, माझ्यासमोर प्रयोग करा, आणि मग म्हणा. तोवर मी काही लिहून देणार नाही."

कॉलेजात कुजबुज सुरू झाली. प्राचार्य वसंत पाटील चांगला माणूस, पण भित्रा. म्हणाले, "मॅडम, दिल्लीवाल्यांशी कशाला पंगा? पाण्यात राहून माशाशी वैर!"

"मासे ते असतील सर, पण पाणी तापीचं आहे," बाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

शेवटी साहेब आले. प्रकल्पाची मोठी बैठक तीन आठवड्यांवर आली होती, त्याआधी प्रकरण मिटवून टाकायचं होतं. पांढरा शुभ्र शर्ट, चकचकीत बूट. म्हणाले, खोड मी स्वतः निवडणार, म्हणजे नंतर शंका नको. "चला," बाई म्हणाल्या आणि त्यांना थेट बहादरपूरला सोजरबाईंच्या बागेत घेऊन गेल्या. आजवरचं प्रत्येक खोड तिथूनच तर आलं होतं.

बागेच्या अलीकडच्या भागात त्याच सकाळी घड उतरवले होते. साहेबांनी एक ताजं, हिरवंगार झाड निवडलं आणि बोट दाखवलं. "यही काटिए."

बांधावरून सोजरबाई कडाडल्या, "ओ साहेब! तिले हात नोका लावू! काय करी राह्यले तुम्ही?"

साहेब दचकून दोन पावलं मागे सरकले.

"घड आजच उतरला तिचा," सोजरबाई जवळ येत म्हणाल्या. "बुडाशी पील दिसतं का? लेकरू हाये ते तिचं. महिनाभर ते आईच्याच अंगावर पितं. आई सुकून लोळागोळा झाली की मग काढा. कमे, तू तरी सांग ना यायले! इतकी वर्षं तुले तसंच खोड देते ना मी?"

कमलबाईंनी वाकून त्या पिलाकडे पाहिलं. हो, तसंच खोड. घड गेल्यावर महिनाभर उन्हात उभं राहिलेलं, वरून सुकलेलं पण आत रस आंबलेलं. त्याच आंबलेल्या रसात कोबाल्ट उतरत होता. आणि पद्धत लिहिताना त्यांनी लिहिलं होतं काय? 'घड उतरवलेल्या केळीचं खोड घ्यावं.' बस्स. महिनाभर थांबा, हे लिहिलंच नव्हतं. का लिहितील? या गावात घड उतरल्याबरोबर खोड कोण कापतं? चूल पेटवायला विस्तव लागतो, हे कुणी लिहून ठेवतं का? मोठ्या प्रयोगशाळांनी बिचाऱ्यांनी ताजी खोडं कापली होती.

साहेबांना सोजरबाईंचं बोलणं अर्धंही कळलं नव्हतं. म्हातारी अडून बसली आहे, एवढंच त्यांना वाटलं. बाईंनी पलीकडचं सुकलेलं खोड गुपचूप उचललं असतं, तर प्रयोग जमला असता, मोठे लोक खोटे पडले असते आणि बाईंची मान ताठ राहिली असती. मोह झाला का? झाला. खोटं कशाला सांगू. 

मग म्हणाल्या, "साहेब, चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं, हिंदीतून, न अडखळता. "तुमच्या लोकांचे कित्येक महिने माझ्यामुळे वाया गेले. माफी मागते. पण आकडे खोटे नव्हते माझे. आता दोन्ही खोडं न्या आणि स्वतःच्या हातांनी करून बघा."

सोजरबाईंनी कपाळाला हात लावत एक ताजं झाड कापू दिलं. "मैत्रिणीपायी पिलाच्या तोंडचं काढते मी," म्हणाल्या.

प्रयोगशाळेत दोन्ही रस शेजारीशेजारी ठेवले, दोन्हींत काळी भुकटी घातली आणि सारखंच तापवलं. साहेब खुर्चीवरून हलले नाहीत. गाळून घेतल्यावर ताज्या खोडाचं पाणी गढूळच राहिलं. आंबलेल्याचं मात्र गुलाबी निघालं, कोबाल्टचा गुलाबी रंग. वसंतसरांनी तर टाळीच वाजवली आणि मग इकडेतिकडे बघून हात खाली घेतले.

"कमाल है," साहेब म्हणाले. बाईंना वाटलं, जिंकले.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी साहेब बाईंना घेऊन पुन्हा बागेत आले. दोन्ही मोठ्या प्रयोगशाळांसाठी सुकलेली खोडं हवी होती, बैठकीच्या आत पडताळा घ्यायचा होता. आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मॅडम, अब तो तरीका पता चल गया. सेंटर फिर बड़े शहर में ही ठीक रहेगा. खोड ट्रक से मँगवा लेंगे. वैसे भी कचरा है."

म्हणजे खरं बोलल्याचं हे बक्षीस! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. बोलायला तोंड उघडलं, तोवर सोजरबाई पुढे झाल्या होत्या.

"कचरा?" कमरेवर हात. "घड नेले तुम्ही आजवर, आम्ही काही म्हटलं? ट्रकच्या ट्रक गेले. खोड न्हाई जाणार. माह्या बागेतलं न्हाई, अन् या बहादरपुरातल्या कोणाच्याच न्हाई. मी सांगून ठेवते सगळ्यायले."

"दुसरीकडून घेऊ शकता तुम्ही," कमलबाई म्हणाल्या, आता अगदी शांतपणे. "जरूर घ्या. पण बाहेर घडाबरोबरच खोडही तोडतात; आज घड उतरलेलं खोड राखलं तर महिन्यानं हाती येईल, तोवर तुमची बैठक होऊन गेली असेल. इथे मात्र पलीकडची निम्मी बाग तयार उभी आहे. या प्रकल्पाला तुम्ही सहकार्य म्हणता ना, साहेब? मग आमच्याकडून फक्त घ्यायचं, ही कुठली रीत? केंद्र इथेच होईल. नाहीतर मी माझ्या मुलींना घेऊन अंगणात चूल मांडते, पण काम इथेच करते."

साहेब बागेकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे. "ठीक है," शेवटी म्हणाले. "सेंटर यहीं रहेगा. आज ही लिखकर देता हूँ. लेकिन पहला साल देखेंगे."

"बघा की. आम्हीही तुम्हाला बघू," कमलबाई म्हणाल्या आणि वाकून सुकलेल्या खोडाचं एक टोक उचललं. बांधापलीकडे लोडिंग रिक्षा उभी होती. "धरा ते दुसरं टोक."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. सोजरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. साहेबांनीच ते खांद्यावर घेतलं. चार पावलांत खोड खांद्यावर पिचकलं आणि पांढऱ्या शर्टावरून चीक ओघळला.

"अरे! ये निकल जाएगा ना?"

"न्हाई जात," सोजरबाई म्हणाल्या. "चाला पुढं, अजून बरीच खोडं हायेत."