गॅलिशियन, कुर्दी आणि सावित्रम्मा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या खानावळीत सावित्रम्मा भाकरी वाढायची ती तेलुगूत मोजत. ओकटी, रेंडु, मूडु. लहानपणी मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरताना जी मोजणी तोंडात बसली, ती काही सुटली नाही. बाजारात मराठी, शेजारणीशी कानडी, गिरणीत दळण टाकताना दखनी उर्दू. मोजणी मात्र आईची. नवा माणूस जेवायला आला की त्याला पहिल्याच दिवशी फर्मान सुटायचं, "घरच्या बोलीत मोजा की!" बोली ऐकली की माणूस कळतो, असं तिचं म्हणणं. मी नातेपुत्याचा, जकात नाक्यावर कारकून. मी मोजलं तर म्हणाली, "ह्ये तर रोजचंच हाय." तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

अम्माच्या जिवाला एकच घोर होता. सोलापुरातून करीमनगरकडच्या मूळ खेड्यात परत गेलेली तिची म्हातारी आई तिथं एकटी राहत होती. 'इकडं ये' म्हणून सहा वर्षांत बारा पत्रं गेली, पण म्हातारी हलेना. अम्मा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तेलुगू बोलायची घडाघडा, लिहिता अक्षर येत नव्हतं. पत्रं लिहायचे देवळाजवळचे एक तेलुगू पंडित, 'मातोश्रींनी कृपा करून आगमन करावे' अशा थाटात. गावातल्या मास्तरांकडून म्हातारीचं उत्तर यायचं: इतक्या मानानं बोलावतेस म्हणजे पाहुणी म्हणूनच ना? मी इथंच बरी. तोंडी निरोप तर ती मानायचीच नाही, निरोप्या पदरचं घालतो म्हणून. शहात्तरच्या उन्हाळ्यात ती विहिरीवर घसरून पडल्याचं अम्माला उडत उडत कळलं, आणि तेव्हापासून अम्माचं जेवणात लक्ष लागेना.

त्याच उन्हाळ्यात दोन परदेशी तिच्या पाटावर येऊन बसले. आझाद हा इराणातला कुर्द. पुण्यात प्रवेश मिळाला नाही म्हणून सोलापूरच्या कॉलेजात आला आणि वर्षभरात आमच्यापेक्षा फर्डी दखनी बोलू लागला. दुसरा शोसे, स्पेनमधल्या गॅलिशियाचा. एका स्विस कंपनीनं त्याला गिरणीत नवे माग बसवायला पाठवलं होतं. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी मी समजून घ्यायचो आणि अम्माला सांगायचो.

दोघांनी आपापल्या बोलीत मोजलं आणि माझा घास हातातच राहिला. दोनाला शोसे 'दोउस' म्हणाला, आझाद 'दू'. नवाला एकाचं 'नोवे', दुसऱ्याचं 'नो'. मग मी शब्द विचारत सुटलो. दाताला शोसेचं 'देन्ते', आझादचं 'ददान'. नावाला शोसे 'नोमे' म्हणतो आणि आझाद चक्क 'नाव'! दोन आठवडे खपून मी तक्ता केला. गॅलिशियन आणि कुर्दी लांबची चुलत भावंडं, आणि आपली मराठीही त्यांच्याच घरातली. भाषापंडितांना हे शंभर-दीडशे वर्षं ठाऊक होतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे शोध माझाच.

रविवारी मी सगळ्यांसमोर तक्ता वाचला. अम्मा म्हणाली, "आणि माजी तेलुगू?"

नावाला 'पेरु', दाताला 'पन्नु'. काहीच जुळेना. "तुमचं घराणं वेगळं, अम्मा," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

"म्हंजे माज्याच घरात मीच परकी व्हय?" ती आत निघून गेली. मला त्या दिवशी कुणी भाकरी हवी का म्हणून विचारलं नाही.

आझादला राहवेना. तो आतल्या दाराशी जाऊन म्हणाला, "अम्मा, मेरेकू बी कुर्दी लिखने नै आता. मदरसे में फारसीच सिखाए. अम्मी को खत बी फारसी में जाता, वो दुसरे से पढवा लेती."

शोसेचंही तसंच निघालं. शाळेत गॅलिशियन शब्द तोंडातून गेला की छडी. आईला पत्र स्पॅनिशमधून, तेही गावचे पाद्री वाचून दाखवणार. कागदोपत्री तो होसे. शोसे त्याला फक्त आई म्हणायची.

मी हे सांगितलं तशी अम्मा पळी घेऊन बाहेर आली. "मग तुमचा तक्ता चुकलाय की, अण्णा! आमी तिघं एका घरातली. आईला आईच्या बोलीत कागद न लिवलेली. परके तुमी!"

मी मुकाट्यानं कबूल केलं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

त्याच दुपारी उष्टी काढून तिघं लिहायला बसली. आझादनं फारसी अक्षरांत कुर्दी लिहिली. शोसे एकेक ओळ मोठ्यानं म्हणून बघायचा आणि स्वतःशीच हसायचा. अम्मानं मराठी अक्षरांत तेलुगू ओढली. मी मायन्याला 'तीर्थरूप' सुचवलं, तर म्हणाली, "गप बसा." तिच्या पत्राचा अर्थ असा होता: 'ए म्हातारे, विहिरीवर पडलीस आणि मला लोकांकडनं कळतं? लाज वाटत नाही? शेळी विक, कुलूप घाल आणि गाडीत बस. नाही आलीस तर खानावळ बंद करून येते आणि फरफटत आणते.' म्हातारीच्या गावचा मल्लप्पा इथं माग चालवायचा, शिकलाही इथल्याच मराठी शाळेत. तो लग्नासाठी गावी निघाला होता. पत्र वाचून दाखवायचं त्याच्यावर सोपवलं.

दहाव्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला मल्लप्पा दारात उभा राहिला. त्याच्यामागून बोचकं घेतलेली एक किडकिडीत म्हातारी आत शिरली आणि तिनं तेलुगूत तोफ डागली. अम्मानंही आतून तशीच दिली. दोघी भांडत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आम्ही जेवायचे थांबलो.

"तीनदा वाचाय लावलं," मल्लप्पा म्हणाला. "मग बोलली, बारा कागद आले, पण माजी सावित्री आज बोलली."

अम्मानं डोळे पुसून घाईघाईनं पाट मांडला, तांब्या ठेवला. म्हातारीनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बोचकं कोपऱ्यात टाकून ती सरळ आत गेली, लेकीला चुलीपासून बाजूला सारलं आणि स्वतः भाकरी थापायला बसली.