साखरेचा खडू

डिलाईल रोडच्या ज्या चाळीत कालिंदी घाडी वाढली, तिथं माणूस गेलं की आधी फळ्यावर जायचं आणि मग स्मशानात. नाक्यावर मंडळाचा काळा फळा होता. वर 'दुःखद निधन', खाली नाव, वय, खोली नंबर आणि किती वाजता नेणार ते. बस. गुणगान नाही की उणंदुणं नाही. हे लिहायचं काम कालिंदीच्या वडिलांचं, तात्यांचं. मिलमध्ये साचे म्हणजे माग चालवणारा माणूस, शाळा अर्ध्यात सुटलेली, पण अक्षर असं की पेंटरने मान खाली घालावी. खडू ते साखरेच्या पाण्यात भिजवून लिहायचे. तसं लिहिलेलं वाळलं की पांढरंशुभ्र उठतं आणि कुणाचा खांदा घासला तरी पुसलं जात नाही. नाव तेराव्यापर्यंत राहिलं पाहिजे, हा तात्यांचा हट्ट. तेराव्याच्या संध्याकाळी ते स्वतः बादली घेऊन खाली जायचे आणि ओल्या फडक्याने फळा धुवायचे. त्याआधी कुणी हात लावला तर त्यांचं डोकं फिरायचं.

संपाच्या दिवसांत त्याच चाळीतला धोंडू परब संप फोडून कामावर गेला आणि थोड्याच दिवसांत छातीत कळ येऊन गेला. मंडळाचे लोक तात्यांना म्हणाले, ह्या गद्दाराचं नाव फळ्यावर येता कामा नये. तात्या स्वतः संपात, घरात चूल पेटायची मारामार, तरी गडी खाली उतरला आणि नाव लिहून आला. मेलेल्याची बाजू नसते, एवढंच म्हणाला. चाळीने महिनाभर तोंड फिरवलं. पण धोंडूला न्यायच्या वेळी सकाळी त्याला शिव्या घालणारेच खांदा द्यायला पुढे आले. कालिंदी तेव्हा परकरात होती, तिने हे कठड्यावरून पाहिलं होतं.

ही गोष्ट ती दरवर्षी वर्गात सांगायची. परळच्या एका कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे काय, तासिका तत्त्वावर. ह्या तत्त्वात तिची सगळी जवानी गेली. बरोबरचे कायम झाले, विभागप्रमुख झाले, त्यांच्या गाड्या आल्या; ही बया अजून मस्टरवर वेगळ्या पानावर. शेवटी एकदाची जागा निघाली, तिची निवड झाली आणि परिवीक्षेचं वर्ष सुरू झालं. ते संपत आलं होतं. प्राचार्यबाईंची एक सही झाली की कालिंदी घाडी कायम.

आणि नेमकं तेव्हाच तिकडचं युद्ध कॉलेजात शिरलं. इस्रायलमध्ये हल्ला झाला, माणसं मारली, ओलीस नेली. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले ते थांबेचनात. इथे दादरच्या ओवीने कँटीनच्या भिंतीवर गाझातल्या मुलांचं पोस्टर लावलं. लालबागच्या वैभवने ते टराटरा फाडलं, आधी मेलेले तुला दिसले नाहीत का म्हणाला. दोघांच्या मागे दहा-बारा जण होतेच. खुर्च्या उडाल्या, एकाची भुवई फुटली. ज्यांनी कधी कॉटन ग्रीनच्या पलीकडचा समुद्र धड पाहिला नाही, ती पोरं परक्या किनाऱ्यासाठी एकमेकांच्या उरावर बसली.

प्राध्यापकांची बैठक झाली. आता ह्या बैठकीचं काय सांगू! एवढी शिकलेली माणसं एका टेबलाभोवती, आणि प्रत्येकाला काळजी आपलं नाव मिनिट्समध्ये यायला नको याची. एक म्हणाले, आपल्याला काय करायचंय तिकडचं. एकीने संवाद कार्यशाळा सुचवली, प्रमाणपत्रासकट. प्राचार्यबाईंचं म्हणणं, विषय काढायचाच नाही. तेव्हा कालिंदीने गेटजवळच्या सुविचाराच्या फळ्याची गोष्ट काढली. तिथं फक्त गेलेल्या मुलांची नावं आणि वयं लिहू, दोन्हीकडची, पेपरात येतील तशी. घोषणा नाही, झेंडा नाही. पोरांना नुसतं वाचू दे. तेवढ्यात बटाटेवडे आले आणि कल्पना एकमताने मंजूर झाली; मिनिट्समध्ये मात्र कुणी लिहून घेतली नाही.

विभागप्रमुख गंगाधर सर तिच्याच चाळीतले. तात्या फळा लिहिताना खडूची वाटी धरून उभा राहणारा पोरगा, तोच हा. पुढे मोर्च्यांत गळा फाडून घोषणा द्यायचा; हल्ली गळ्यात मफलर असतो. बैठकीतून निघताना त्यांनी कालिंदीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "तू बिनधास्त लिही. मी आहे."

चाळ केव्हाच पडली, टॉवर उभा राहिला. फळाही गेला, टॉवरमध्ये कोण मेलं ते मोबाईलच्या ग्रुपवर कळतं, खाली हात जोडलेली चित्रं पडतात आणि पाण्याच्या टँकरची चौकशी सुरू होते. तात्या आता खुब्याचं हाड मोडून खाटेवर. कालिंदीने कॉलेजच्या फळ्याचं सांगितलं तर म्हातारा उशीला टेकून उठून बसला. साखर किती, पाणी किती, सगळं पुन्हा सांगितलं. तेराव्याच्या आधी पुसायचा नाही हेही सांगितलं. तिने वाटीत खडू भिजत घातले तेव्हा त्यांनी एक हातात घेऊन दाबून पाहिला.

तिने लिहिलं. वर 'दुःखद निधन'. पहिल्या ओळींत आधीच्या हल्ल्यात गेलेली मुलं, खाली नंतर बॉम्बखाली गेलेली. खालच्या ओळी वाढतच गेल्या, अक्षर बारीक करावं लागलं. वय चार, वय नऊ, वय अकरा महिने. दोन्ही टोळकी फळ्यासमोर येऊन उभी राहिली आणि, खरं सांगते, गेटवरचा तो सगळा कलकलाट गप्प झाला. कालिंदीने पोरांना धोंडू परबची गोष्ट पुन्हा सांगितली आणि म्हणाली, तेरा दिवस हा फळा कुणी पुसणार नाही, माझा शब्द. वैभवने विचारलं, प्राचार्यांनी सांगितलं तरी? ती म्हणाली, तरी. वैभव आणि ओवी आळीपाळीने फळ्यापाशी थांबायला लागले. एकदा तर दोघं एकाच कागदातले शेंगदाणे खाताना दिसले. कालिंदीचे पाय त्या दिवसांत जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आता कुठे ते कामाला आलं, असं तिला वाटायला लागलं.

वाटायचं ते वाटून घ्यावं माणसाने, टिकत कुठे ते! आठवड्याच्या आतच कुणीतरी फळ्याचे फोटो काढले. एका फोटोत नुसत्या वरच्या ओळी, दुसऱ्यात नुसत्या खालच्या. दोन्ही फोटो सुटले ते घराघरांत. एका बाजूची माणसं म्हणाली, ह्या कॉलेजला फक्त त्यांचेच मेलेले दिसतात. दुसऱ्या बाजूची माणसंही अक्षरशः तेच म्हणाली. अख्खा फळा बघायला कुणाला वेळ आहे? गेटवर बाहेरची टोळकी आली, कॉलेजच्या नावाने शंख झाला, संस्थेच्या विश्वस्तांचे फोन आले.

प्राचार्यबाईंच्या केबिनमध्ये कालिंदीला बोलावलं. बटाटेवडे खाऊन माना डोलावणारे सगळे भिंतीला टेकून उभे होते, मूग गिळून. बाईंनी विचारलं, ही परवानगी कुणाची? कालिंदीने गंगाधर सरांकडे पाहिलं. सर मफलर नीट करत म्हणाले की फळ्यावर काहीतरी लिहिणार एवढं माहीत होतं, त्यांना वाटलं सुविचार. एवढं म्हणून गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागला. बघण्यासारखं तिथं काय होतं? पलीकडच्या टॉवरची पार्किंगची भिंत.

बाई तशा वाईट नाहीत, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, लिहिलंय तुम्ही तर पुसा तुम्हीच, आपण व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवू, म्हणजे विषय मिटेल. नाहीतर चौकशी लावावी लागेल. मग त्या दोन मुलांचीही नावं त्यात येतील, आणि तुमच्या परिवीक्षेच्या कागदावर मी काय लिहू ते तुम्हीच सांगा.

पुढे कालिंदीने कॉलेजात सगळ्यांना सांगितलं की फळा त्या दोन मुलांसाठी पुसला. खोटं आहे ते. मुलांचा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही, पण तो नंतर आला. आधी आलं ते मस्टरवरचं वेगळं पान. मी तिला दोष देत नाही, पण झाकूनही ठेवणार नाही.

मधल्या सुट्टीत ती फळ्यापाशी गेली. क्लार्कने मोबाईल धरला. सगळा स्टाफ गोळा झालेला, पोरं जिन्यावर दाटलेली. गंगाधर सरांनी डस्टर पुढे केलं आणि हळूच म्हणाले, तात्यांची पोर तू, तुला समजावायला नको. तिने डस्टर फिरवलं. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलं, जोर लावून. नावं जशीच्या तशी, अकरा महिन्यांच्या पोराचा काना-मात्राही हलला नाही. क्लार्क म्हणाला, थांबा, परत घेतो. जिन्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी गंगाधर सरच बादली आणि ओलं फडकं घेऊन आले. साखरेचा खडू कसा निघतो हे त्या अख्ख्या कॉलेजात दोघांनाच ठाऊक होतं.

वरपासून खालपर्यंत तिने फळा धुतला. पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, साडीवर सांडलं. पहिल्यांदा एका बाजूची मुलं गेली, मग दुसऱ्या बाजूची. वैभव आणि ओवी शेजारी शेजारी उभे होते. वैभव निघून गेला. ओवी जवळ आली.

"मॅडम, तेरा दिवस म्हणाला होतात."

कालिंदीने फडकं पिळलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर स्वच्छतेचा सुविचार आला. ओवीने पुन्हा पोस्टर लावलं, वैभवने पुन्हा फाडलं, आणि ह्या वेळी पोलीस आले. कालिंदीच्या कागदावर बाईंची सही झाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले, ते गंगाधर सरांनी आणले होते. धोंडू परबची गोष्ट ती आता वर्गात सांगत नाही.

फळा पुसला त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तात्या वाटच बघत होते. आज किती नावं झाली, विचारलं. ती म्हणाली, फळा पुसला. म्हाताऱ्याने विचारलं, "कोणी पुसल्यान?"

"शिपायाने," ती म्हणाली. "वरून ऑर्डर होती."

तात्यांना राग येईल असं तिला वाटलं होतं. यावा असंही वाटत होतं. पण त्यांनी तिचा हात हातात घेतला. बोटांची कातडी अजून पाण्याने सुरकुतलेली होती. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, नखाशी अडकलेला खडू पाहिला आणि हात सोडला नाही.

"साखरेचो खडू," ते म्हणाले, "घासून घासून हात दुखले असतले गरिबाचे. तेका काय बोलू नको हां. पोटासाठी केल्यान."

ती बरं म्हणाली आणि भात टाकायला उठली.