आर्लीनची सही

वर्ना कुचेरा शाळेची बस चालवते. मागच्या बाकावर कोण कुणाचा डबा पळवतंय, हे तिला मान न वळवता आरशात कळतं. लेकीच्या दुखण्यापासून मात्र ती घरीही सारखी मागे बघत असते. एकोणीस वर्षांच्या लिडियाला फिट्स येतात. शेजारच्या कोलोरॅडोतून मावशीने आणलेल्या गांजाच्या तेलाचे थेंब जिभेखाली सोडले की येत नाहीत. तिकडे ते तेल दुकानात मिळतं. इकडे नेब्रास्कात घरात सापडलं तर गुन्हा. कुणी चुगली केली तर बाटली जाईल, आणि कदाचित बाटलीबरोबर वर्नाही.

औषधापुरता गांजा चालावा की नाही, हे लोकांच्या मतावर सोडा, अशी मागणी घेऊन राज्यभर सह्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा वर्नानेही कागद हाती घेतले. ईस्टरआधी मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं, अख्खं गाव लोटतं. ती दाराशीच उभी राहिली. कुणी सही केली की तिच्या मनात यायचं, याला कशाला हवंय? नाही केली की वाटायचं, हा आता कुणाला सांगेल?

रांगेत मायलो ह्रुबेश आला. उभी हयात शेरीफच्या हाताखाली पोलिसाच्या नोकरीत काढलेला, आणि राहायला नेमका वर्नाच्या समोर.

"काय गं पोरी, माशांबरोबर गांजाही वाढतेस होय?"

रांगेत हशा पिकला.

"सही करायची तर करा, मायलो. मागे लोकांना भुका लागल्यात."

त्याने सही केली. वरची नावं वाचायला तर नाही आला हा? एवढ्यात तो खालच्या ओळीत आणखी एक नाव लिहू लागला.

"अहो, हे काय?"

"बायकोचं, आर्लीनचं. ती कुठे येतेय आता इथवर?"

गावात ही रीतच होती. सोडतीचं तिकीट असो नाहीतर चर्चची वर्गणी, घरातल्या एकाने सगळ्यांची सही ठोकायची. पण इथे ज्याची त्याने, तीही वर्नाच्या डोळ्यांदेखत करायची होती. तशी शपथ तिने घ्यायची होती. एक खोटी सही निघाली की सगळ्या कागदावर बोट. आणि हे या माणसाला ठाऊक नाही?

तिने कागद ओढून घेतला. अर्धवट नावावर रेघ मारली. "मला आत घालायचंय का तुम्हाला?"

"लग्न झाल्यापासून तिच्या सह्या मीच करतोय!" मायलो ताट न घेताच निघून गेला.

रागावलेला मायलो समोरच्या खिडकीत बसवून ठेवणं परवडणारं नव्हतं. शनिवारी सकाळी वर्ना स्वतःच त्याच्याकडे गेली.

आर्लीन स्वयंपाकघरात बसली होती. हात असा थरथरत होता की चमचा बशीवर वाजत होता. वर्नाने सह्यांचा कागद पुढे ठेवला, तसं मायलोने सवयीने आर्लीनचं मनगट धरलं.

"हात सोडा, मायलो. त्यांनाच करू द्या," वर्ना म्हणाली.

"करते गं मी," आर्लीन म्हणाली, "याला वाटतं मी मेलेच."

तिला बराच वेळ लागला. सही वरच्या ओळीत चढली, खालच्या ओळीत घसरली. पण तिचीच होती.

मायलो पायरीपर्यंत आला. आवाज खाली आणून म्हणाला, "लिडिया बरी दिसते हल्ली. काय देतेस गं तिला?"

वर्नाने कागद पिशवीत घातला. विचारतोय ते नवरा की पोलीस? आत चमचा परत वाजू लागला.

"मतदान होऊ दे," ती म्हणाली, "मग विचारा."

घरी येऊन तिने आधी बाटली फ्रीजमधून काढून पिठाच्या डब्यात खुपसली. मग खिडकीतून पाहिलं. सदा उघडा असणारा समोरचा पडदा मायलोने ओढून घेतला होता. तिला त्याचाही संशय आला.