सुईचं टोक

आमची ही कपडे शिवते. लग्न नवं होतं तेव्हा संध्याकाळी तिचं दुकान बंद करून आम्ही हातात हात घालून घरी यायचो. ती लाजायची, म्हणून मी मुद्दाम घट्ट धरायचो.

पुढे तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात कळ सुरू झाली. नखाला गार पाणी लागलं, चादर घासली, तरी ही कळवळून खाली बसायची. मग पिशवी उजव्या हातात, डावा हात छातीशी, आणि मी आपला मागून, बिनओझ्याच्या हमालासारखा.

एकदा मशीनची सुई तुटली होती, टोक सापडलं नव्हतं. तेच आत रुतलंय, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रत्येक डॉक्टरला तेच सांगायची. एक्स-रेत सुई दिसायची नाही, की डॉक्टर म्हणायचे, "मनाचे खेळ आहेत." माझं डोकं सटकायचं. मन काय नखाखाली असतं?

अशी वर्षं गेली. शेवटी हाताची ऑपरेशनं करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी हिच्या कॉलरला टोचलेली टाचणी मागून घेतली आणि तिच्या बोथट डोक्यानं नख दाबत गेल्या. एका ठिकाणी ही ओरडली. जरा बाजूला दाबलं, काहीच नाही. मग दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळून पुन्हा तिथंच दाबलं. ही नुसती बघत राहिली. कळ गायब.

"सुई नाही, गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कॅन्सरची नाही. क्वचितच कुणाला होते. काढली की सुटलात."

नख उचलून गाठ काढली. मोहरीएवढी. एवढ्याशा दाण्यानं आमची उमेदीची सगळी वर्षं खाल्ली.

आता नवं नख आलंय. गार पाण्यात खुशाल हात घालते. दुकानातून घरी येताना मी रोज तिच्या डाव्या बाजूला जातो. ती सवयीनं हात छातीशी घेते. तिला कळतही नाही. दुखत होतं तेव्हा मनाची समजूत तरी घालता यायची.

काल न राहवून म्हटलं, "अगं, मला तुझा हात पाहिजे."

"या वयात?"

"या वयातच."

तिनं हात दिला. चार बोटं माझ्या मुठीत आली. ते एक मात्र बाहेर, ताठ.

"त्याला सांग, आता काही होत नाही."

"सांगते हो रोज," ती म्हणाली. "ऐकत नाही." तिचे डोळे भरले होते.

तोवर घर आलं. मी कुलूप काढलं नाही. म्हटलं, "चल, अजून एक फेरी मारू."