नानाकाकाचा उरलेला खर्रा

रात्रीची गाडी, स्लीपरचा डबा... एवढं वाचलं की तुमी पाय वर घेऊन बसले असान, मले माहीत हाय. आता वरच्या बर्थवर पांढऱ्या साडीतली बाई येईन, टीसी तिच्या आरपार निंघून जाईन, अन् मंग कोणीतरी म्हातारा सांगीन की याच डब्यात दहा सालाआधी... नाई हो! तसं काहीच नाई. गाडीत मी जातानाबी अन् येतानाबी तोंड उघडं टाकून झोपलो होतो, रंजूताईजवळ फोटो हाय. जे झालं ते गाडीत बसायच्या आधीच झालं — भरदुपारी, स्वयंपाकघरात, तिकिटं काढता काढता. अन् भीतीपेक्षा घाणच जास्त वाटली. जेवत असान तर ताट बाजूले ठेवा, मंग वाचा.

पहिलेच सांगतो, भूत-बित मी मानत नाई. आमच्या शाळेमागच्या चिंचेवर जे भूत रडे, त्याचा आवाज तीन साल मीच काढे.

आमचं गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा. गावात मले 'रेडिओ' म्हणतात, कारण मी कोणाचाबी आवाज काढतो. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, मोबाईलमधली 'आपण डायल केलेला नंबर' वाली बाई... पण माझा सगळ्यात हिट आयटम म्हंजे नानाकाका. माह्या बाबाचे मोठे भाऊ. आमचं अन् त्याईचं घर एकाच अंगणात. मागच्या दिवाळीत गेले.

माणूस चांगला होता, पण खर्रा! तंबाखू, सुपारी, चुना अन् त्यात डोकं खुडलेली लवंग. लवंगाचं डोकं त्याईच्या हिरडीले टोचे, म्हून काकू रोज सकाळी बसून लवंगांची डोकी खुडे. बरं, चावून थुंकून द्यावं ना माणसानं? नाई! अर्धा घंटा चावलेला तो ओला गोळा बोटानं काढत अन् खाटेच्या खालच्या पट्टीले चिकटवून ठेवत. जेवण झालं की तोच परत तोंडात! लहानपणी मी चेंडू काढाले खाटेखाली गेलो होतो, तं एक गोळा माह्या केसाले चिकटून आला. आईनं तीनदा डोकं धुतलं तरी मले आठ दिवस वास येऊन राह्यला होता. ते गेल्यावर काकूनं ती खाट उलटी करून फिनाईलनं घासली अन् घरात तंबाखूचा कणबी ठेवला नाई.

तं काकाचा आवाज असा निंघते — गाल फुगवायचा, तोंडातल्या तोंडात थुंकी फिरवायची, रस सांडू नाई म्हून मान वर करायची अन् म्हणायचं, "ग्लळ्... पुढच्या साली जाऊऽऽ."

हे वाक्य काऊन? तं काकूले समुद्र पाहाचा होता. लय मोठी मागणी नव्हती. मलकापूरहून रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी मुंबई, दिवसभर समुद्रावर, रात्रीची गाडी अन् तिसऱ्या दिवशी चहाले घरी. दर उन्हाळ्यात काका सोताच बेत करत. कोणती गाडी, कोणता बर्थ, दशम्या किती, सगळं. काकू बॅग भरे. अन् दोन दिवस राह्यले की काका मान वर करून... तेच वाक्य. वीस साल! ती बॅग भरली अन् रिकामी झाली, भरली अन् रिकामी झाली.

यंदा मी अन् रंजूताईनं काकूले तयार केलं. रंजूताई म्हंजे काकूची पोरगी, खामगावले नर्स हाय. काकू आधी हो म्हणे, मंग नाई म्हणे. "वर्ष नाई झालं अजून, लोकं काय म्हणतीन?" शेवटी म्हणाली, "पाहा बाप्पा, यंदा जमलं तं जमलं. नाई तं मी पुन्हा नाव काढणार नाई." अन् मले माहीत होतं, ती खरंच काढणार नाई.

आता आखाजीचा, म्हंजे अक्षय तृतीयेचा दिवस. आमच्याइथं आखाजीले गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, निखाऱ्यावर घास टाकतात, अन् एक जण 'पितर' म्हून पाटावर जेवाले बसते. म्हंजे तेवढ्या वेळापुरता तो गेलेला माणूस. त्यानं बोलायचं नाई, हसायचं नाई. जेवला की घरची बाई त्याच्या हातावर पाणी टाकते, तो उंबरठ्याबाहेर पडून मागे न पाहता चार पावलं जाते. पितर गेला. मंग तो आपला आपला होऊन घरात येते. दर साली शेजारचे एक आजोबा बसत, पण यंदा त्याईचा गुडघा वाकत नव्हता. तं काकाच्या पहिल्याच आखाजीले पितर कोण? रेडिओ!

मी गुपचाप जेवलो, खोटं नाई सांगत. आंब्याचा रस, पोळ्या, कुरड्या, वडे. शेवटचा घास घेतला अन् रंजूताई मोबाईल घेऊन धावत आली.

"रेडिओ, खालचे बर्थ दोनच राह्यले बे! येतानाचं तं वेटिंगवर जाऊन राह्यलं!"

काकू तांब्या घेऊन उभीच होती. म्हणाली, "त्याईले आधी पोचवू दे ना बाई बाहीर."

"काकू, दोन मिनिटं!" मी म्हटलं. अन् तिथंच, पाटावर, उजवा हात रसानं माखलेला, डाव्या अंगठ्यानं नावं टाकाले लागलो. काकू, रंजूताई, मी. जाणं-येणं दोन्ही.

काकू तांब्या घेऊन हळूच म्हणाली, "राहू दे का रे? पुढच्या..."

मले वाटलं, आता ही फिरली. हिले हसवा लागते. म्हून मी गाल फुगवला, मान वर केली अन् काका काढला — "अवं, मले खालचा बर्थ पाहिजे, मी काय माकड हाओ?" रंजूताई फिस्सकन हसली. काकूबी हसली, दिवाळीनंतर पहिल्यांदा. चुलीजवळून आई ओरडली, "मेल्या, पाटावरून उठ आधी!" पण पब्लिक हसलं की मी थांबत नाई, हा माह्या जलमाचा रोग हाय. मी परत मान वर केली. "ग्लळ्... पुढच्या सा—"

अन् तोंड भरलं.

थुंकीनं नाई. गालात काहीतरी होतं. ओलं, गरम, मऊ... जिभेनं हलवलं तं हललं. तंबाखूचा तो कडू-तुरट झणका नाकात चढला, चुन्यानं गाल भाजला. मी जन्मात खर्रा खाल्ला नाई! तोंड बंद ठेवावं तं गिळल्या जाईन, उघडावं तं... मी उघडलं. भुरकट रस हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून शर्टात, अन् एक लोंबती तार सरळ मोबाईलच्या स्क्रीनवर. अन् त्याच्यामागून तो गोळा पडला ताटात, उरलेल्या रसात. लिंबाएवढा. चांगला मुरलेला. वाफ निंघत होती त्यातून! त्याच्यावर दाताच्या खुणा होत्या... शी! लिहितानाबी मले कसंतरी होऊन राह्यलं.

मी ओकलो. कुरड्या, वडे, सगळी आखाजी बाहीर.

काकूनं वाकून चमच्याच्या टोकानं तो गोळा उकलला. आत लवंगा होत्या. दोन. डोकी खुडलेल्या.

मंग काकूनं चिमट्यानं तो उचलला अन् निखाऱ्यावर टाकला. चर्रर्र झालं अन् असा वास सुटला की मांजरबी पळालं. स्क्रीनवरची घाण कागदानं पुसली अन् मोबाईल रंजूताईच्या हातात देऊन म्हणाली, "दाब ते बटन."

रंजूताईनं दाबलं. तिन्ही कन्फर्म, जाणं अन् येणं.

आमी गेलो. काकू खालच्या बर्थवर झोपली, समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी राह्यली, चपला वाहून गेल्या तरी हसत होती. गाडीत कोणी आलं नाई, काही झालं नाई. पण तो खर्रा कुठून आला? आईनं माहे खिसे, दप्तर, गादी, सगळं तपासलं. घरात तंबाखू नव्हता. जेवणात असता तर मले पहिल्या घासालेच कळलं असतं ना? अन् लवंगाची डोकी कोण खुडते हो दुनियेत? मित्र म्हणतात, तूच फेकून राह्यला. म्हणा बाप्पा. मले अजून समजलं नाई. एवढंच की मी आता दिवसातून चार वेळा दात घासतो अन् आमच्या पानटपरीसमोरून श्वास धरून जातो.

बाकी त्या आखाजीच्या दिवशी, बटन दाबल्यावर, शिव्या मात्र पोटभर भेटल्या. पहिला नंबर आईचा. माहं तोंड हुंगून तिनं पाठीत दोन धपाटे घातले. "खर्रा खाते का बे तू? तोंडाले कॅन्सर करून घेशीन, मंग काढ आवाज!"

मंग काकू. ती पहिले घागरीकडे वळली, कमरेवर हात ठेवून. "वीस साल अडवलं ना मले? आता लेकराच्या तोंडातून थुंकता? अन् उष्टं ठेवाची सवय तिथंबी गेली नाई? जा आता गुमान. मी चालली समुद्र पाहाले."

मंग माह्याकडे. तांब्यातलं सगळं पाणी तिनं माह्या हातावर नाई, डोक्यावरच ओतलं. "अन् तू रे, रेडिओच्या! उठ. त्याईले बाहीर सोडून ये, मांगं पाहू नको. अन् गाडीत त्याईचा आवाज काढशीन तं भुसावळलेच उतरवून देईन, सांगून ठेवते!"

मी ओला, ओकलेला, उंबरठा ओलांडला अन् चार पावलं गेलो. मागून तिचा आवाज आलाच —

"अन् खाटेखाली काही चिकटवून आला अशीन तं तेबी घेऊन जा!"