तिबोटी खंड्याला घातलेलं गाऱ्हाणं

अलोऱ्याच्या कॉलनीत हरिश्चंद्राइतका बडबड्या माणूस दुसरा नाही, आणि पाखरांच्या फोटोचं वेड लागावं ते नेमकं त्यालाच! सांगा आता. वीज प्रकल्पातून निवृत्त झाला, कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून सात पावसाळे एकाच पाखरामागे आहे: तिबोटी खंड्या. मुठीत मावेल एवढासा जीव, पण रंग बघाल तर अख्खी रंगपंचमी अंगावर घेऊन बसलेला. पावसाळ्यात येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरून पिल्लं वाढवतो आणि निघून जातो.

सात वर्षांत हरिश्चंद्राने फोटो काढले ते नुसत्या फांद्यांचे. "हीच ती फांदी, हिच्यावर होता बघ," असं वर कौतुकाने दाखवायचा. बायको वैदेही म्हणायची, "अहो, फांद्यांचं प्रदर्शन तरी भरवा एकदा." तोही हसायचा, पण मनातून खट्टू व्हायचा.

खोड सगळी सवयीची. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान ह्याच्या घराण्याचा. हा उभा राहणार, हात जोडणार, खड्या आवाजात देवाला विनवणार आणि सारा गाव ओरडणार, "व्हय म्हाराजा!" खंड्या दिसला की ह्याचं तेच सुरू व्हायचं. ताडकन उभा, हात जोडलेले, कॅमेरा गळ्यात लोंबतोय. खंड्या थांबतोय कशाला!

यंदा कॉलनीमागच्या ओढ्यावर जोडी उतरली. पिल्लं उडायला झाली होती, आज नाही तर उद्या बीळ रिकामं. म्हणून त्या दिवशी त्याने सुलेमानला बरोबर नेलं. सुलेमान म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त, आखातात क्रेन चालवून परतलेला, अगदी थंड डोक्याचा. "तोंड उघडलंस तर ओढ्यात ढकलीन," असं बजावून तो हरिश्चंद्राच्या रेनकोटच्या घोळावरच ठाण मांडून बसला.

आणि आला! चोचीत सापसुरळी, दहा हातांवर, समोरच्या मुळीवर. हरिश्चंद्र उठायला गेला, तर रेनकोटने खाली ओढला. हात कॅमेऱ्यावर, पण तोंड सुटलं ते सुटलंच:

"रे म्हाराजा! आज येवढा फोटो पदरात पडू दे! तुझी ही जागा मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाय! तुझ्या पोराबाळांना सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुलेमान गरजला. देवळाशेजारी वाढलेला माणूस, जिभेला वळणच तसं. मग दोघांनीही तोंडावर हात दाबले.

खंड्या जागचा हलला नाही. मान तिरकी करून दोघांकडे बघत राहिला. ओढ्याच्या खळाळात त्याला ह्यांच्या ओरडण्याचं काय? तो बिचकायचा तो ह्याच्या उभं राहण्याला, आणि हा सात वर्षं तोंडाला दोष देत बसलेला! हरिश्चंद्राने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खंड्या बिळात शिरल्यावर साठी उलटलेले दोघे गडी चिखलात गडाबडा लोळून हसले.

संध्याकाळी फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडला आणि दारात गर्दी झाली. "कुठे मिळाला?" हरिश्चंद्राने तोंड उघडलं आणि मिटलं. गाऱ्हाण्यात शब्द दिलेला, तोही साक्षीदार ठेवून! सुलेमान कोपऱ्यात गालात हसत होता. शेजारचा रघू म्हणाला, "काका, नेटवरून उचललात ना?" सगळे खो खो हसले. हरिश्चंद्राचा चेहरा लालबुंद झाला, पण ओठ काही उघडले नाहीत.

गर्दी पांगल्यावर वैदेही जवळ आली. "मला तरी सांगा, कुठे दिसला?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "नेटवरचा असता तर तासभर पत्ता सांगत बसला असतात. म्हणजे खरंच तुम्हीच काढलात!"