गुडघाभर पाण्यातला मचवा

सबंध रायगड जिल्ह्यात तळ्यात राहून समुद्राचा मान मागणारा एकच माणूस होऊन गेला आणि माझ्या नशिबाने तो माझा सासरा होता. तळं म्हणजे तरी केवढं, तर या काठावर कोणी शिंकलं की त्या काठावरचा माणूस ‘सत्य आहे’ म्हणेल, एवढं. पेणहून रोह्याकडे निघाल्यावर गडब मागे टाकून आत वळलं की भाताची खाचरं आणि वालाचे तुकडे ओलांडून हे तळं लागतं. काठाला देऊळ, देवळाला लागून पिंपळ, आणि होळी झाली की पुढे पाऊस लागेपर्यंत मधोमध एक होडी. तिला होडी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते ‘मचवा’ म्हणत, आणि समोरच्यानेही तसंच म्हणावं म्हणून तो म्हणेपर्यंत ऐकूच आलं नाही असं दाखवत. मी लग्नानंतर पहिल्याच भेटीत होडी म्हणालो होतो. मला चहा मिळायला पाऊण तास लागला.

मूळचे ते खाडीकडचे. पेणच्या खाली त्यांच्या घराण्याचं मिठागर होतं आणि मिठाच्या गोणी वाहायला ही होडी, वडिलांच्या हातची. एका वर्षी उधाणाने बांध फोडला, पुढच्या वर्षी तो बांधायला घरात माणसं उरली नव्हती, आणि मिठागर गेलं ते गेलंच. सासूबाईंच्या माहेरी, म्हणजे या तळ्याच्या गावात, त्यांच्या वडिलांनी लेकीला घर आणि थोडी जमीन दिली होती. तिकडे बिऱ्हाड हलवायचं ठरलं. भांडीकुंडी टेंपोत गेली आणि होडी ट्रकमध्ये. गडबच्या दुकानांपाशी ट्रक थांबला तेव्हा लोक चहाचे पेले हातात घेऊन बाहेर आले आणि बंदर तर मागे राहिलं, चाललात कुठे, असं विचारू लागले. सासऱ्यांनी केबिनमधून मान बाहेर काढून सांगितलं की बंदर जिथे मचवा असतो तिथे असतं. एवढं बोलून ते बायकोच्या माहेरी कायमचे राहायला गेले. उतारवयात घरजावई होण्याची वेळ इतक्या रुबाबात कोणी निभावली नसेल.

उन्हाळाभर होडीवर राहण्यामागे त्यांचं शास्त्र होतं आणि मला ते प्रत्येक भेटीत ऐकावं लागे. पावसाळ्यात आणि थंडीत तळं भरलेलं असतं, होडी काठाला बांधून ठेवली तरी चालते. उन्हाळ्यात पाणी रोज थोडं थोडं मागे सरकतं. सकाळी तरंगणारी होडी चार दिवसांनी चिखलावर बसलेली सापडते, आणि जुनं लाकूड एकदा उन्हाने तडकलं की फळ्या सुटतात. “फळी सुकली म्हनजे मचवा मेला,” ते म्हणत. म्हणून पाणी सरकेल तसं खोलात सरकायचं, तिच्यावरच जेवायचं, तिच्यावरच झोपायचं. हे काम दिवसातून एकदा काठावरून दोरी ओढूनही झालं असतं. मी तसं सुचवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या बायकोकडे पाहिलं, जणू एवढं शिकलेला मुलगा बघून दिला त्याचं हे काय झालं.

सकाळी उठल्यावर पहिलं काम तळ्याचं पाणी चाखण्याचं. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटायचे, आणि ‘अळनी’ म्हणून थुंकून टाकायचं. एवढ्या वर्षांत ते एकदाही खारट निघालं नाही, तरी निकाल जाहीर केल्याशिवाय ते तोंड धूत नसत. त्यानंतर मीठ. गोड्या पाण्यात लाकूड कुजतं आणि मीठ मुरलं की टिकतं, हे खाडीकडचं ज्ञान खरं असेलही. त्यासाठी ते जाडं मीठ पाण्यात कालवून होडीच्या दोन्ही अंगांना फडक्याने चोपडत. पण खाडीकडे म्हशी पोहत येत नाहीत. इथे दुपारी गावच्या म्हशी तळ्यात उतरत, आणि एका म्हशीला एकदा या फळीची चव कळली तेव्हापासून सगळा कळपच होडीला येऊन भिडू लागला. सासरे सकाळी मीठ लावत, म्हशी दुपारी ते चाटून घेत. सासरे आत उभे राहून वल्हं आपटत, म्हशी कान हलवत, आणि होडी त्यांच्या जिभांच्या लयीवर डुलत राही. मीठ लावायचं बंद करा असं मी म्हणालो, तर म्हशींच्या भीतीने मचव्याला उपाशी ठेवू का, असा उलट सवाल आला. गावातल्या म्हशींची तब्येत त्या उन्हाळ्यात सुधारली एवढं मात्र खरं.

पण त्यांचा खरा नमुनेदारपणा भरती-ओहोटीत होता. तिथीवरून भरती कितीला लागते हा हिशेब खाडीकडच्या माणसाच्या रक्तात असतो, पण हिशेबाला खाडी लागते. यांनी खाडी सोडली, हिशेब नाही सोडला. आज षष्ठी, म्हणजे भरती अमुक वाजता, म्हणजे त्याआधी मचवा हलणार नाही. तळ्याचं पाणी आरशासारखं निपचित पडलेलं असे आणि हे ओहोटी संपायची वाट बघत बसलेले. सासूबाई दुपारी बाराला डबा घेऊन काठावर येत. त्यांना पाण्याची भयंकर भीती. लहानपण या तळ्याकाठी गेलं, पण घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांचा श्वास अडकत असे, आणि त्या होडीत कधी बसल्या नव्हत्या. म्हणून हे काठाला यायचे तेव्हाच डबा पोचायचा, आणि हे यायचे भरतीला. त्या पदर डोक्यावर घेऊन पिंपळाखाली उभ्या राहत, हे शंभर पावलांवर बसून हाताने ‘थांब’ अशी खूण करत. कितीदा तरी त्या बाईने तासतासभर उभं राहून, थंड झालेली भाकरी नसलेल्या भरतीच्या हवाली केली आहे. मला याचा राग येई. मी बोललोही एकदा. त्यावर सासूबाईच म्हणाल्या की राहू दे, मिठागरावरही असंच उभं राहायची सवय होती, तिथे निदान ओहोटीला पाणी खरंच नसायचं.

डब्यात बहुतेक सुकट नाहीतर बोंबील. तळ्यात मासे भरपूर होते, रोहू तर होडीखालून फिरताना दिसे, पण गोड्या पाण्यातल्या माशाला ते मासाच मानत नसत. त्याला ते ‘पोहणारा दुधी’ म्हणत. जिवंत माशांवर बसून सुकी मासळी भाजणारा हा एकमेव माणूस, आणि तो वास देवळात आरतीच्या वेळी नेमका पोचायचा. पुजाऱ्याने तक्रार केली तेव्हा वारा दर्याकडून येतोय त्याला मी काय करू, असं उत्तर गेलं.

जावई म्हणून माझा मानही त्यांनी याच होडीवर ठेवला. एका वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि मला वाणासाठी बोलावणं आलं. मी डोलवीला कंपनीत शिफ्टवर होतो, रजा टाकून नवीन शर्ट घालून गेलो. तर वाण घरात नाही, होडीवर. सासूबाईंनी काठावरूनच ओवाळलं. हातात चांदीचा दिवा आणि तेहतीस अनारसे घेऊन मी डगमगत आत चढलो, नमस्कार केला, आणि डोकं वर उचलतो तो माझ्यापुढे पत्र्याचा डबा. पाणी झिरपत होतं, उपसायचं होतं. “जावयबापू, बसल्या बसल्या हात चालू द्या,” ते प्रेमाने म्हणाले. मी पाणी उपसलं आणि त्यांनी माझे अनारसे मोजून अकरा खाल्ले.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना पंचायतीने तळ्याचा गाळ काढायचं मंजूर करून आणलं. पाणी सोडून द्यायचं, जेसीबी उतरवायचा, गाळ शेतांत टाकायचा, आणि पावसाआधी तळं दोन पुरुष खोल करायचं. काम चांगलं होतं, गावाच्या गरजेचं होतं, त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. सरपंच सासूबाईंचा चुलतभाऊ. तो स्वतः काठावर आला आणि दाजींना हाक मारून म्हणाला की मचवा उचलून पिंपळाखाली ठेवू, पोरांना खेळायला होईल. ऐन वैशाख होता. पिंपळाची सावली असली तरी महिनाभर त्या झळांत होडी बाहेर राहिली असती तर पावसाळ्यात तिच्या फळ्या चुलीलाच लावाव्या लागल्या असत्या. हे सरपंचाला कळत नव्हतं आणि सासऱ्यांना सांगता येत नव्हतं. ज्या गावात आपण बायकोच्या वाटणीच्या घरात राहतो, त्या गावाच्या पाण्याआड एका होडीसाठी कसं यायचं, हा त्यांचा पेच होता. त्यांनी मान हलवली, इतकंच. मी पुढच्या सुट्टीला गेलो तेव्हा त्यांनी पाणी चाखलं नव्हतं, तिथीही विचारली नाही. होडीच्या काठावर हात फिरवत बसले होते. मी आपणहून डबा घेऊन पाणी उपसायला लागलो तर म्हणाले, राहू द्या, आता काय. मला तोवर ते हास्यास्पद वाटत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं फक्त हसलो याची थोडी लाजही वाटली.

ग्रामसभेला मी त्यांच्याबरोबर गेलो. ते मागच्या भिंतीला टेकून बसले. ठराव वाचून झाला, हात वर व्हायला लागले, एवढ्यात बायकांमधून सासूबाई उठल्या. सभेत त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या. देवळाकडचा कोपरा पाऊस लागेपर्यंत खणू नका, तिथलं पाणी राहू द्या, म्हशींनी काय करायचं, असं त्यांनी विचारलं. सरपंच म्हणाला, अगो ताई, म्हशींना प्यायला टँकर मागवतोय. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “आनि बसायला?” सभा हसली. म्हशीवाले मात्र हसले नाहीत, त्यांना मुद्दा पटला. वैशाखात म्हैस पाण्यात बसली नाही तर दूध आटतं. दोन-चार जण उठले, आवाज चढले आणि देवळाकडचा कोपरा म्हशींकरिता राखून ठेवावा असं ठरावात लिहिलं गेलं. सासूबाईंकडे म्हैस नव्हती. शेळीसुद्धा नव्हती.

मग आठ जणांनी ओढून होडी त्या कोपऱ्यात नेली आणि बाकीचं तळं रिकामं झालं. माझ्या सासऱ्यांच्या दर्यावर्दी कारकिर्दीतले सर्वांत थोर दिवस ते हेच. एवढंसं डबकं, त्यात वीस-बावीस म्हशी, आणि त्यांच्यात अडकलेला मचवा. त्याला ना पुढे जाता येई ना मागे. भोवती जेसीबी घरघरत फिरतोय, गाळाचे ट्रॅक्टर चाललेत, आणि मध्ये हे ताडपत्रीच्या सावलीत बसून म्हशींना डावीकडे सरका, उजवीकडे सरका अशा आज्ञा देतायत. मीठ चाटायला आता पोहत यायचीही गरज नव्हती, मान वळवली की झालं. येणारे-जाणारे थांबून बघत आणि मचवा कुठल्या बंदराला लागलाय म्हणून विचारत. ते तोंड वळवून घेत, पण होडीची प्रत्येक फळी ओली होती आणि ते दिवसातून दहा वेळा हात लावून खात्री करत.

त्यातल्याच एका दुपारी मी होडीत बसलो होतो. सासूबाई डबा घेऊन आल्या. होडी हलणं शक्य नव्हतं, भरती असो की नसो. त्या जरा उभ्या राहिल्या, मग लुगडं वर खोचलं, डबा डोक्यावर धरला आणि पाण्यात उतरल्या. पाणी गुडघ्याएवढं होतं. म्हशींना हाताने बाजूला सारत, ओठ घट्ट मिटून त्या होडीपर्यंत आल्या. सासरे उठून उभे राहिले. त्यांनी हात दिला आणि त्या आत येऊन बसल्या, लग्नानंतर पस्तीसेक वर्षांनी. मग सासऱ्यांनी हळूच विचारलं, “म्हशींचं नाव कशाला घेतलंस गो?”

“तुमचं घेतलं असतं तं कोनी पानी ठेवलं असतं?”

त्यांनी भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढे ठेवली. “तुला पान्याचं भ्या वाटतं,” ते म्हणाले, “म्हनून कवा बोलावलं नाय.”

“वाटतं तं. पन बोलवायचं व्हतं.”

मी काहीतरी निमित्त काढून होडीतून उतरलो आणि म्हशींच्यातून काठाला आलो.

होडी वाचली. पावसाळ्यात तळं भरलं, आता ते खरोखर खोल झालं होतं, आणि पुढचे दोन उन्हाळे सासरे एका वेगळ्याच तोऱ्यात त्यावर राहिले. फरक एवढाच की आता डबा आला की भरतीची वाट न बघता ते काठाला येत आणि सासूबाई होडीत बसत. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे गच्च मिटून. हे काठाकाठाने वल्हवत आणि तिला सांगत जात की आता देऊळ आलं, आता तुझ्या चुलत्याचं वालाचं शेत, आता आपलं घर. जिचं लहानपण तिथे गेलं तिला ते तिचंच गाव सांगत आणि ती मान डोलवत ऐके.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी ते गेले. मी दिवसांना गेलो होतो. सगळे पांगल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं आणि तळ्यातून आपलं गाव दिसतं कसं, असं विचारलं. मी म्हणालो, मामी, तुम्ही दोन वर्षं होडीत बसत होता की. त्या म्हणाल्या, “बसत व्हते. पन ते सांगत व्हते ना, म्हनून मी कवा डोळं उघडलंच नाय.”

मी त्यांना म्हणालो की चांगलं दिसतं.